शेरूचं उघडं तोंड

सरडे पाळणाऱ्यांनो, आज जरा मदत करा. आमचा शेरू बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे वाळवंटी सरडा. त्याच्या काचेच्या पेटीत उबेसाठी दिवा असतो.

दुपारी घरी आले तर दिवा बंद, कूलरचं तोंड थेट पेटीकडे, आणि शेरू काळपट पडून निपचित.

“आई, दिवा काहून बंद केला?”

“तोंड वासून बसला होता बिचारा. रायपूरच्या उन्हात कोणी कोणाले बल्ब लावते का, पोट्टे?”

मी कूलर वळवला, दिवा लावला. वाचलं होतं, ऊब पुरेशी मिळाली की हे सरडे तोंड उघडतात. पण उष्मा असह्य झाला तरीही उघडतात म्हणे.

आता शेरूने पुन्हा तोंड उघडलंय. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणून आई उत्तरासाठी माझ्याकडे बघून राहिली आहे. त्याला बरं वाटतंय की त्रास होतोय, तुम्ही कसं ओळखता?