आत्याने कानात सांगितलेलं नाव

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही — आणि जिला सांगायची गरजच नव्हती, कारण तिला सगळं ठाऊक होतं, तिच्याशीही या विषयावर मी एक शब्द बोललो नाही. तुम्ही म्हणाल, असं आहे तरी काय? तर विषय एका कुत्र्याच्या नावाचा आहे. हसा खुशाल. मीसुद्धा इतकी वर्षं हसण्यावारीच नेत आलो.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बाबा बँकेत, अमरावतीहून बदली होऊन लखनौला आलेले. तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. घरात आई, बाबा, मी आणि कुमुदआत्या — बाबांची थोरली बहीण. आत्याच्या नवऱ्याने तिला लग्नानंतर चौथ्या वर्षी माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला तो आलाच नाही. का, ते मला आजही माहीत नाही. पण गल्लीतल्या बायकांना ते माहीत करून घ्यायचं होतं. ‘बहनजी, आपके मिस्टर कहाँ रहते हैं?’ — दुधाच्या रांगेत, भाजीच्या ठेल्यापाशी, गच्चीवर कपडे वाळत घालताना. ‘बाहर रहते हैं,’ एवढंच म्हणून आत्या घरात यायची आणि स्वच्छ असलेले डबे पुन्हा पुसत बसायची.

मराठी घरात बाळाचं नाव आत्या ठेवते, हे तुम्हाला सांगायला नको. बाळाच्या कानात ती नाव सांगते, कुर्रर्र करते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. माझ्या बारशाला मात्र म्हाताऱ्या बायकांनी ठरवलं, की नवऱ्याने टाकलेल्या बाईने नाव ठेवू नये. बाबांच्या एका चुलत बहिणीला बोलावलं. सख्खी आत्या बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना घुगऱ्या वाटत होती म्हणे. हे मला आईने सांगितलं होतं. त्या दिवशी आपण गप्प राहिलो, हे आईच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

मग आमच्याकडे तो कुत्रा आला. बाबांच्या ओळखीतले एक फौजी साहेब कँटोन्मेंटमध्ये राहायचे, त्यांच्याकडच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक. पग. आज ती जात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा आमच्या गल्लीत कुणी पाहिलीही नव्हती. चेपलेलं नाक, कपाळावर आठ्या, आणि झोपला की एवढासा जीव घरभर ऐकू येईल असा घोरायचा. भाजीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘बाबूजी, ई कुत्ता है कि बंदर?’ पहिल्या दिवसापासून तो आत्याच्याच मांडीत झोपायला लागला. का, कोण जाणे. आत्या तासन् तास हलायची नाही — पायाला मुंग्या आल्या तरी.

आईलाच सुचलं. म्हणाली, याचं बारसं करू या, रीतसर, आणि नाव ताईंनी ठेवायचं. बाबा हसले, पण आई गंमत करत नव्हती. ‘तेव्हा राहिलं, आता होऊ दे,’ ती म्हणाली. आत्या नको नको म्हणाली आणि दोन दिवसांत पेटीतली मोरपंखी साडी काढून उन्हाला घातली.

बारशाच्या आदल्या दिवशी आत्या मला हजरतगंजला मॅटिनीला घेऊन गेली. जानेवारी होता. दुपार असूनही धुकं उतरलं नव्हतं. त्या सिनेमातलं आता मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं — एक पाण्याने भरलेली नदी, पिवळा कंदील, पाण्यावरून येणारा कुणाचा तरी आवाज. झोरंगा नावाचा एक खलनायक होता, सोन्याच्या दाताचा. तो हसायच्या आधी नाकातून घरघर श्वास घ्यायचा, की सगळं थिएटर शिट्ट्या मारायचं. आणि एक नावाडी होता, केवल. त्याला जेमतेम तीन-चार प्रसंग. सासरच्यांनी हाकलून दिलेल्या नायिकेला तो पुरातून पलीकडे पोचवतो. बस, एवढंच त्याचं काम. मला तर तो लक्षातही राहिला नव्हता.

परतताना सायकलरिक्षात आत्याने शाल डोक्यावरून घेतली. गोमतीच्या पुलावर आलो. खाली नदी दिसतच नव्हती, नुसता पांढरा धूर, आणि आमची रिक्षा त्यातून कुठेच न पोचता चाललेली. तेव्हा ती म्हणाली, ‘पाहिलंस मनू? त्यानं तिला काहीच नाही विचारलं.’ मी विचारलं, कुणी? ‘केवलनं. कुठून आलीस, का आलीस, काही नाही. बस म्हणाला नावेत.’ मग थोड्या वेळाने, शालीच्या आतून — ‘आपला कुत्रापण नाही विचारत. मी त्याचं नाव केवल ठेवणार आहे. कुणाला सांगू नकोस हं, उद्यापर्यंत.’ आणि ती हसली. आत्याला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता बघा. आम्ही एकाच बाकावर बसून एकच सिनेमा पाहिला होता. मी त्यातून झोरंगा घेऊन बाहेर आलो होतो. आमचा कुत्राही तसाच घरघरायचा ना! त्याच संध्याकाळी गल्लीत मी शादाब आणि पप्पू या दोस्तांपुढे शेखी मिरवली, की आमच्या कुत्र्याचं नाव झोरंगा असणार आहे. ते नुसते उड्या मारायला लागले. ‘यार, क्या नाम है!’ आत्याने पुलावर काय सांगितलं, ते मला तेव्हा आठवत नव्हतं का? आठवत होतं. चांगलं आठवत होतं.

बारशाला बँकेतल्या तीन मराठी घरच्या बायका आल्या, शेजारच्या आंटी आल्या, माझे मित्र आले. टोपलीत जुनं लुगडं अंथरून त्यात पिल्लू ठेवलं होतं आणि ते घोरत होतं. आत्याने मोरपंखी साडी नेसली होती, केसांत शेवंती होती. इतकी माणसं बघून ती बावरली. मला जवळ ओढून म्हणाली, ‘मी कानात सांगते, मोठ्यानं तू सांग. माझा आवाज नाही फुटत रे.’ मी हो म्हणालो.

ती वाकली. पिल्लाचा मऊ कान बोटांनी उचलून तिने तीनदा नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या पाठीला ते धपाटे पहिल्यांदाच मिळत होते. सगळे माझ्याकडे बघू लागले. शादाब आणि पप्पू दारात उभे होते. आणि मी — नाकातून घरघर श्वास घेऊन, थेट सिनेमातल्यासारखा — ओरडलो, ‘झोरंगा!’

काय टाळ्या पडल्या! आंटी तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. फक्त आई हसली नाही. तिने विचारलं, ‘ताई, हेच नाव ठेवलंत?’ आत्या अजून टोपलीवर वाकलेलीच होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. सांगायला हवं होतं तिने! पण ती म्हणाली, ‘हो. मीच ठेवलं.’ आणि घुगऱ्या वाटायला उठली.

हीच का ती कुणाला न सांगितलेली गोष्ट, असं तुम्हाला वाटलं असेल. कितीतरी वर्षं मीही मनाला तेच सांगत होतो — की पोरवय होतं, मित्र समोर होते, तोंडातून निघून गेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. महिनाभर आत्या खोलीत आली की मी पुस्तक उघडून बसायचो. ती मात्र होती तशीच होती. माझा डबा भरायची, स्वेटर विणायची. कुत्र्याला मात्र ती नावाने हाक मारायची नाही. ‘अरे’ म्हणायची, ‘चल बाळा’ म्हणायची. घरी कुणी आलं की बाबा कौतुकाने सांगायचे, आमच्या ताईंनी नाव ठेवलंय बरं का, सिनेमाचा भारी नाद! लोक हसायचे. आत्याही हसायची.

पण जे सांगायला बसलो, ते हे नव्हे. ते अजून पुढेच आहे. बघा, किती वळसे घेतो आहे मी.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं, आणि लखनौत तसं ऊन पडलं की सगळी कॉलनी खाटा टाकून गच्चीवर येते. मी जिना चढत होतो. वरच्या पायऱ्यांवरून गच्ची दिसली. आत्या खाटेवर बसून मटार सोलत होती. कुत्रा चार हातांवर उन्हात पसरला होता. मऊ, पिवळं ऊन, पतंगांच्या बारीक सावल्या जमिनीवरून सरकत होत्या, आणि सगळं इतकं शांत होतं की शेंग फुटल्याचा आवाज ऐकू येत होता. आत्याने इकडे तिकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली — ‘केवल.’

कुत्रा हलला नाही. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिने एक मटार त्याच्या दिशेने धरला होता. कुत्र्याने एक कान हलवला, डोळे अर्धवट उघडले. आणखी एक हाक, फार तर दोन, आणि तो गेला असता तिच्याकडे. मला तसं आजही वाटतं. ते नाव फक्त त्या दोघांतलं राहिलं असतं, गच्चीवरचं. त्यात माझं काय जात होतं?

मी जिन्यातूनच मोठ्याने हाक मारली, ‘झोरंगा!’

तो ताडकन उठला आणि धावत माझ्याकडे आला. शेपटी हलवत पायात घुटमळू लागला. आत्याने तो मटार परत ताटात टाकला. या वेळी दारात मित्र नव्हते. कुणीच नव्हतं. मला कुत्रा नको होता, काही काम नव्हतं. ती त्याला स्वतःचं करते आहे, हे मला बघवलं नाही, बस. याला काय नाव द्यायचं, मला माहीत नाही. पोरवय तर नक्कीच नाही. त्यानंतर तिने त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

कुत्रा म्हातारा होऊन गेला. बाबा निवृत्त झाले, आम्ही लखनौतच तेलीबागेत घर बांधलं, माझं लग्न झालं, मुलगी झाली. मला सख्खी बहीण नाही. म्हणून मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, की माझ्या मुलीचं नाव कुमुदआत्याच ठेवणार. खरं सांगू? फेड होईल असं वाटलं होतं. तिला मी एकटीला गाठून म्हणालोही, आत्या, तुला आवडेल ते नाव ठेव, आम्ही काहीही ठरवलेलं नाही. तिने नुसती मान हलवली.

बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. आत्याचे केस तोवर पांढरेशुभ्र झाले होते. पाळण्याची दोरी धरून ती वाकली. बायका तिच्या पाठीमागे हात उगारून तयार होत्या. ती बाळाच्या कानापर्यंत गेली — आणि तिथेच थांबली. मान वळवून तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकलो. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दुकानात सामानाची यादी विचारावी तसं तिने हळूच विचारलं, ‘काय सांगू रे हिच्या कानात?’

तुला हवं ते, असं मला म्हणता आलं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. बायको आणि मी रात्रीच एक नाव मनाशी धरून ठेवलं होतं. ते मी तिला सांगितलं.

तिने तेच सांगितलं, तीनदा.