खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

आमच्या नागापूरच्या कारखान्यात भीमराज सहा वर्षं टेम्पररी होता. काम काय, तर सर्व्हर सांभाळायचा. साऱ्या ऑफिसच्या फायली त्या एका मशीनमध्ये, आत दोन मोठे कप्पे, त्यांना तो व्हॉल्यूम म्हणायचा. ते भरत आले की टेबलाटेबलाशी हात जोडत फिरायचा, "पुष्पाताई, जुन्या फायली पुसा की." आम्ही हो म्हणायचो आणि एकही पुसायचो नाही. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू?

शहाण्णव साली मॅनेजर रंगनाथ साहेबांनी त्याला कायम करायचा कागद माझ्याकडेच टाईप करायला दिला. दसरा झाला की सही करतो म्हणाले. भीमराजला दाखवला तर त्यानं तो दोनदा वाचला.

खंडेनवमीला कारखान्यातली सगळी मशीनं बंद ठेवून पूजा. सर्व्हर कमांड देऊन बंद करावा लागतो, नाहीतर फायली बिघडतात, तो मीच करीन, असं भीमराज साहेबांना सांगून नारळ आणायला गेला. साहेबांना कुठला दम? "चालत्या मशीनची पूजा करतात का कुठं," म्हणत त्यांनी मागचं बटण दाबलं. मी हळदीकुंकवाचं ताट धरून शेजारीच होते.

पूजेनंतर चालू केला तर ड्रॉइंगचा व्हॉल्यूम उघडेना. आठ वर्षांची ड्रॉइंगं त्यात. टेपवरची नक्कल महिन्यापूर्वीची.

दसऱ्याला भीमराज आईला पार लांब नागपूरला दीक्षाभूमीवर नेणार होता. म्हातारीला गावच्या माणसांबरोबर लावून दिलं आणि हा दुरुस्तीचा प्रोग्राम लावून बसला. एकदा लावला की चुकांचा आकडा यायचा, मग परत लावायचा, तो शून्यावर येईपर्यंत. मी डबा घेऊन गेले तर डोळे लालभडक. मला लई वाईट वाटलं. म्हटलं, "बटण साहेबांनीच दाबलं, ते सांगशील ना?"

"आदी फायली येऊ द्या, ताई. मग बगू."

तिसऱ्या दिवशी व्हॉल्यूम उघडला. एकही फाईल गेली नव्हती. साहेबांनी दोन-चार ड्रॉइंगं उघडून बघितली.

"सगळं तर जागेवर आहे. मग दोन दिवस करत काय होतास?"

भीमराजनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"एवढ्याशा कामाला कायमचा माणूस कशाला?" म्हणत साहेबांनी तो कागद सही न करताच माझ्याकडे सरकवला, फाईलला लावून टाका म्हणाले. मी लावला.