खंडेनवमीला भट्टीत ठेवलेला दगड

मागच्या वर्षीची आश्विन शुद्ध अष्टमी, म्हणजे खंडेनवमीचा आदला दिवस. रक्कम ठरली साडेचार हजार रुपये. त्यात दोन दिवसांची वीज, नायट्रोजन आणि भट्टीचं भाडं आलं. ठरवताना आम्ही तिघं हजर होतो: मी, माझी बायको आणि इंदिरानगरला आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाची मुलगी. ती बाहेरगावच्या एका संस्थेत खडकांवर पीएच.डी. करते.

"दगड भाजायचे साडेचार हजार?" बायको म्हणाली. "शेजारच्या पोरीकडून?"

"काकू, पैसे संस्था देणार आहे. उलट मला पक्की पावती हवी."

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा कारखाना आहे. लोखंडी भाग तापवायचे, ठरलेल्या वेगाने थंड करायचे आणि त्यांना कडकपणा आणायचा, हे आमचं काम. भट्टी विजेची आहे. सणाचे दोन दिवस ती रिकामी असते, म्हणून मी हो म्हटलं.

मुलीने पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेला तुकडा काढला. काळपट, अंगठ्याहून जाड, बोटभर लांब आणि कातून काढल्यासारखा गोल. आपल्या डोंगरांतला काळा पाषाण नव्हता तो. शेल म्हणतात त्याला. कधीकाळी समुद्राच्या तळाशी बसलेला चिखल, वरच्या थरांच्या वजनाने दाबून दाबून झालेला दगड. तो दूरच्या एका राज्यातल्या खोल विहिरीतून आला होता. त्याच्या पोटात वायू असतो, पण बाहेर यायला वाट नसते. जमिनीत जोराने पाणी सोडून हा खडक फोडतात. हिचं म्हणणं असं, की त्याला नुसता तापवला तरी आतलं पाणी उडून जातं, डांबरासारखा अंश जळून वितळून सुटतो, केसासारख्या भेगा पडतात आणि वायूला वाट मिळते. पाण्याचा थेंबही लागत नाही.

"असे तीन होते," ती म्हणाली. "दोन आमच्याकडच्या भट्टीत फुटले. फार भरभर तापवली होती. ती विहीर आता बुजवलीय, त्यामुळे नवीन तुकडा मिळणार नाही. हा गेला तर माझी चार वर्षं गेली."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी दगड तळहातावर घेतला. ऑक्टोबरचं ऊन कारखान्याच्या पत्र्यावर तापत होतं, तरी दगड गार होता आणि हातात धरून ठेवला तरी गारच राहिला.

तिची मांडणी मला पटण्यासारखी होती. पोलादी नळीत दगड घट्ट बसवला. नळीच्या एका तोंडाला नायट्रोजनचं सिलिंडर लावलं. दुसऱ्या तोंडातून बारीक पाइप भट्टीबाहेर काढला, त्याला पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली आणि तिचं टोक खिडकीपाशी पाण्याच्या बाटलीत बुडवलं. दगडातून वायू गेला तर बाटलीत बुडबुडे येणार. भट्टी लावण्याआधी तिने सिलिंडर उघडून दाखवलं. आम्ही चहा संपेपर्यंत बघत बसलो, एकही बुडबुडा आला नाही.

"काका, लाइट जाणार नाही ना?"

"औद्योगिक वसाहत आहे. सुट्टीत तर मुळीच जात नाही."

भट्टीवर आमचे मिस्त्री होते. पेठ तालुक्यातले, माझ्यापेक्षा वयाने मोठे. सणालाही थांबतो म्हणाले. मुलीच्या सांगण्याप्रमाणे ते काटा थोडा थोडा चढवत गेले.

नवमीला सकाळी दहाच्या सुमारास मी आणि बायको पूजेचं सामान घेऊन पोचलो. सगळी वसाहत बंद होती. एरवी त्या रस्त्यावर बोललेलं ऐकू येत नाही, त्या दिवशी स्कूटर लावल्यावर इंजिन थंड होतानाची टिकटिक ऐकू येत होती. आत शिरताच बायको थबकली.

"रॉकेलचा वास येतोय."

रॉकेल आमच्याकडे कित्येक वर्षांत आलेलं नाही. पण वास तोच होता, वातीच्या जुन्या स्टोव्हचा, आणि त्याखाली ओल्या चिखलाचा. मुलगी खूष होती. दगडातला डांबरी अंश सुटायला लागलाय, म्हणाली. थोडाच आहे, तरी निरांजन खिडकीकडे नेऊ नका, असंही तिने बजावलं.

मिस्त्री मात्र भट्टीपासून लांब स्टूल टाकून बसले होते.

"शेठ, ते श्वास घेतंय."

"काय?"

"तुम्हीच बघा. नळ बंद हाय. तरी चालू हाय."

सिलिंडर खरंच बंद होतं. दगड स्वतःहून काही देतो का हे बघायला मुलीने ते पहाटेच बंद केलं होतं. आणि बाटलीत बुडबुडे येत होते. पाच-सात यायचे, मग थांबायचे. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा पाच-सात. झोपलेल्या माणसाचा असतो तसा संथ ठेका.

मी हिशेबाचा माणूस आहे, कारण शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. भट्टीचा लाल दिवा लागला की बुडबुडे यायचे, विझला की थांबायचे. ठरलेल्या अंशावर भट्टी आपोआप चालू-बंद होते, त्याचाच हा ठेका. मी तसं सांगितलं.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "आता ते दिवा विझल्यावर वर चढतंय, त्याचं पण सांगा."

दिवा विझला होता आणि बाटलीतलं पाणी पारदर्शक नळीत दोन बोटं वर आलं होतं. दिवा लागल्यावर ते खाली गेलं. म्हणजे नुसतं सोडणं नव्हतं, आत घेणंही होतं. गार होताना आतला वायू आकसतो, त्याचंच हे, मुलगी म्हणाली. ते खरंही असेल. तरी आम्ही चौघं त्या नळीकडे बघत उभे होतो.

मग मुलीला तिच्या सरांचा फोन आला आणि ती बोलत फाटकाबाहेर गेली. बायको नारळ सोलायला बसली. मी मिस्त्रींना म्हटलं, "ऊन वाढतंय, पूजा उरकून घ्या."

आमच्याकडे चालू यंत्राची पूजा करत नाहीत. वर्षभर राबलेलं यंत्र तेवढा वेळ तरी शांत असावं, अशी रीत आहे. मिस्त्रींनी दरवर्षीप्रमाणे मेन स्विच खाली ओढला, नमस्कार केला आणि हळदकुंकवाचं ताट उचललं. मी शेजारीच उभा होतो. मीही नमस्कार केला. वीज मंडळाची वीज जाईल का, याचा विचार आम्ही सगळ्यांनी केला होता. आपल्या हाताने जाणारी वीज कोणाच्या डोक्यातच आली नाही.

भट्टीला कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. मिस्त्रींनी धूप फिरवला, कापूर लावला. पंखा बंद असल्यामुळे धूर जागीच साचून राहिला. आरती संपली तेव्हा भट्टीतून टक्, टक् असा आवाज येत होता. गार होणाऱ्या विटांचा असणार.

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ते पाणी बघा."

पाणी नळीतून चढत होतं. आधीसारखं दोन बोटं नव्हे. खिडकीची चौकट ओलांडून, वळण घेऊन, भट्टीकडे चाललं होतं. न थांबता, हिसके न देता. शहाळ्याला नळी लावून कोणीतरी सावकाश पीत असावं तसं. बाटली निम्मी झाली होती. मला कळत होतं की हे थांबवायला हवं. पण माझा हात उठेना. तापलेल्या दगडात पाणी शिरलं तर काय होतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी मी बघत राहिलो, कारण पलीकडे कोणीतरी ओढतंय अशी माझी त्या क्षणी पक्की खात्री झाली होती.

"ताई!" मिस्त्री ओरडले.

ती धावत आली आणि तिने भट्टीजवळचा जोड उपटला. पाणी तिच्या पायांवर सांडलं. जोडापासून ते वीतभरच लांब राहिलं होतं. पाइपचं उघडं तोंड आता हवेत होतं आणि त्यातून बारीक, लांब सूऽऽ असा आवाज येत होता. तोंडाशी तरंगणारा कापराचा धूर सरळ रेघ होऊन आत जात होता. तिने तोंडावर अंगठा दाबला, लगेच चटका बसून काढला, मग पदर ओला करून बायकोने तिथे बोळा धरला.

"मेन कुणी बंद केला?"

"मी, ताई," मिस्त्री म्हणाले. "पूजा हाय ना."

ती खाली बसली आणि भट्टीकडे बघत राहिली. भट्टी पुन्हा चालू केली नाही, पण तापलेली असेपर्यंत ती उघडताही येत नव्हती. एक तुकडा आहे की चार, हे दसऱ्यालाच कळणार होतं.

दसऱ्याला संध्याकाळी नळी उघडली. दगड अखंड होता. आणखी काळा झाला होता आणि अंगावर केसाएवढ्या रेघा उमटल्या होत्या. मुलीने बराच वेळ तो हातात फिरवला. मग पुन्हा नळीत बसवून सिलिंडर अगदी थोडं उघडलं. अष्टमीला ज्यातून काही जात नव्हतं, त्यातून आता बुडबुड्यांची अखंड माळ आली. मुलीने डोळे पुसले आणि वहीत आकडे लिहायला लागली.

बाटलीवर सर्वांत आधी बायको वाकली होती.

"कापूर," ती म्हणाली.

मीही वाकलो. कापूर आणि धूप. पहिले काही बुडबुडे फुटले तेवढाच वेळ, मग नुसता चिखलाचा वास. इतका काळ बंद राहिलेल्या त्या दगडाने बाहेरची पहिली हवा घेतली ती आमच्या आरतीची, आणि दिवसभर ती आत धरून ठेवली होती.

मुलीने प्रबंधात सगळं लिहिलं. मध्येच वीज बंद झाली, तापलेल्या दगडात बाहेरची हवा शिरली, पाणी पोचलं नाही. आकडा तेवढ्याने थोडा कच्चा धरावा लागेल, पण धरता येईल, असं तिच्या सरांनी मान्य केलं. वीज बंद होती त्या वेळेचं भाडं मी लावलं नाही. पावती चार हजार शंभरची केली. "पूर्ण लावा ना, काका," ती म्हणाली. जी भट्टी चालली नाही तिचे पैसे मी कसे घेणार?

मिस्त्री त्यानंतर काही दिवस त्या भट्टीवर उभे राहीनात. मी एकदा विचारलं.

"फुटला नाही ना, मग कशाला मनाला लावून घेता?"

"फुटला असता तर बरं, शेठ. झोपलेलं होतं. आपण उठवलं, आणि वर पूजा करून आत घेतलं."



दिवाळीनंतर संस्थेने चार हजार शंभर माझ्या खात्यात भरले. त्यातले बाराशे मिस्त्रींना सणाच्या दोन दिवसांच्या कामाचे दिले. त्यांनी तिथेच दोनशे वेगळे काढून माझ्या बायकोच्या हातात ठेवले, वणीला जाल तेव्हा देवीच्या पेटीत टाका म्हणाले. कुणाच्या नावाने, असं तिने विचारलं. नाव नाय त्याला, ते म्हणाले. पौषात आम्ही वणीला गेलो, तेव्हा तिने ते दोनशे पेटीत टाकले.