जुनी साडी नेसून ये

"उद्या ती जुनी साडी नेसून ये. खांद्यावर उसवलेला ब्लाउज आहे ना तुझा, तोच घाल."

मॅडम हे बोलल्या तेव्हा मी त्यांच्या भूगावच्या बंगल्यात ओटा पुसत होते. मला वाटलं, माळा झाडायचा असेल. पण दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी मला काम नसायचं, मंडळीत, म्हणजे येशूला मानणाऱ्यांच्या हॉलमध्ये, उपासनेला जायचं असायचं.

मी म्हणाले, "मॅडम, देवाच्या घरी मी निळी साडी नेसून येती. चांगली हाय."

"निळी नको. उद्या मुंबईचे पाहुणे आहेत आणि तुझी साक्ष आहे. निळी नेसलीस तर लोकांना कळणार कसं, तू कुठून आलीस ते?"

साक्ष म्हणजे देवानं आपल्या जन्मात काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. माझी साक्ष मॅडमनी कागदावर लिहून दिली होती. 'मी अंधारात होते. आम्ही घाणीत राहत होतो.' मी चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचलं, पाठ केलं.

आणि जुनी साडी नेसून गेले. गेले, हेही सांगते. लपवत नाही.

सरांनी, म्हणजे मॅडमच्या मालकांनी, माइक हातात घेतला. ते मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी. म्हणाले, "ही आपली कातकरी बहीण. मालेच्या वरच्या वाडीतली. हे लोक उंदीर खायचे. आठ-आठ दिवस अंघोळ नाही. आणि आज बघा!"

सगळ्यांनी बघितलं. आज काय बघायचं होतं? उसवलेला ब्लाउज. तोही त्यांनीच घालायला लावलेला.

मी पाठ केलेलं म्हटलं. टाळ्या पडल्या. एका पाहुणीनं मला जवळ घेऊन फोटो काढला. मी वळले तोवर तिनं पर्समधून छोटी बाटली काढून हात चोळलेसुद्धा.

असं पाच वेळा झालं. पाच पाहुणे, पाच फोटो, तोच ब्लाउज.

आता खरं सांगते, जे त्या कागदावर नव्हतं.

माझ्या बापानं उंदीर खाल्ले. मीही खाल्ले. भात कापून झाला की शेतकरीच बापाला बोलवायचे. बांधातले उंदीर आमचं भात नेतात, काढ म्हणायचे. बाप बिळं खणायचा. त्यांचं धान्य वाचायचं, आमच्या चुलीवर कालवण शिजायचं. त्यात घाण कसली? अंघोळीचं म्हणाल, तर वाडीवर नळ नव्हता. उन्हाळ्यात हंडाभर पाण्याला आम्ही डोंगर उतरायचो. ते कुणी माइकवर सांगितलं नाही.

आणि येशू मला त्या हॉलमध्ये भेटला नाही. वीटभट्टीवर भेटला.

तेव्हा माझं पहिलं लेकरू होतं. अकरा महिन्यांचं. तापानं गेलं. मुकादम म्हणाला, "दुपारपर्यंत उरका, माल थापायचाय." नवरा खड्डा खणायला गेला. मी लेकरू मांडीवर घेऊन पाल्याच्या खोपीत बसले. कुणी जवळ येईना. तेव्हा शेजारच्या खोपीतली सरूबाई आली. जालन्याकडची, आमच्यासारखीच विटा थापणारी. काम सोडून आली. त्या दिवसाचा तिचा खाडा पडला.

ती माझ्याजवळ बसली. माझ्या लेकराचे पाय तिनं ओल्या फडक्यानं पुसले. तीन दिवस माझ्यासाठी भाकरी थापल्या. चौथ्या दिवशी मीच विचारलं, "तू का करतीस माझं एवढं?"

"माझा देव बी असाच रडला होता बाई. मेलेल्याच्या दारात उभा राहून."

देव रडतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्यावर देव कोपतो एवढंच माहीत होतं. मग ती रोज सांगायला लागली, विटा पलटताना, पाणी भरताना. थोडं थोडं. तिनं मला घाणेरडी म्हटलं नाही. अंधारात आहेस म्हटलं नाही. भट्टी उठली, ती तिच्या मुलखाला गेली. पुन्हा भेट नाही. पण माझ्यात ते राहिलं. त्या नावाची माणसं शोधत शोधत मी भूगावात आले, आणि मॅडमच्या हाताला लागले. रोज सकाळी वाडीवरून एस्टीनं यायचे, संध्याकाळी परत जायचे.

मंडळीत त्या वर्षी एकच शिकवण चालली होती. सुवार्ता, म्हणजे येशूची गोष्ट, सांगायला रोजच्या जगण्यात पहिला नंबर द्या. घरी, कामावर, बाजारात, जिथं असाल तिथं. मॅडमनी ते वाक्य छापून फ्रीजला चिकटवलं होतं. मी रोज फ्रीज पुसायचे, रोज वाचायचे. मला वाटायचं, हे तर सरूबाईचंच.

शेजारच्या बंगल्यात एक काकू राहायच्या. त्यांचा तरणा मुलगा गाडीवरून पडून गेला. काकू मॅडमकडे येऊन रडायच्या. त्यांची बेल वाजली की मॅडम मोबाईलवरचं भजन बंद करायच्या. चहा द्यायच्या, डॉक्टरचा नंबर द्यायच्या. देवाचं नाव नाही.

एकदा काकू गेल्यावर मी म्हणाले, "मॅडम, त्यांना प्रभूचं सांगा की."

"अगं, शिकलेली माणसं आहेत ती. त्यांना असं सांगता येत नाही. तू फरशी पूस."

दोन दिवसांनी काकू त्यांच्या पायरीवर एकट्या बसल्या होत्या. मी कचरा टाकून येत होते. खालच्या पायरीवर बसले. माझ्या लेकराचं सांगितलं, सरूबाईचं सांगितलं. रडणाऱ्या देवाचं सांगितलं. काकूंनी माझा हात धरला. धुण्याच्या साबणानं सोललेला हात. म्हणाल्या, "थांब ना जरा. अजून सांग."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला स्वयंपाकघरात उभं केलं.

"तू शेजारी जाऊन धर्माचं बोललीस? कुणी सांगितलं होतं तुला?"

मी फ्रीजकडं बोट केलं.

त्या लाल झाल्या. "ते वाडीवर! इथं नाही. इथं आम्हाला राहायचंय."

ते वाडीवर. इथं नाही. त्या दिवशी मला सगळं कळलं. त्यांची सुवार्ता उतारावरून खालीच वाहत होती. ज्याला उलट बोलता येत नाही त्यालाच सांगायची. बरोबरीच्या माणसापुढं तोंड उघडायचं नाही, कारण तिथं आपली अब्रू जाते. आम्हाला सांगताना जाते ती आमची.

तरी मी काम सोडलं नाही. रोशनीची, माझ्या मुलीची शाळा होती. ती आठवीत. वर्गात चौथी आलेली.

मग गाडी वाडीवर आली. मॅडम, सर, दोन पाहुणे आणि कॅमेरावाला. डिकीत ब्लँकेटं. शनिवार होता. रोशनी सकाळची शाळा करून डोंगर चढून आली होती. शाळेचा निळा पिनो, दोन वेण्या, रिबिनी. पाहुण्यांना बघून हसली.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "व्हिडिओत तिलाही घ्यायचंय. युनिफॉर्म काढायला सांग. एखादा जुना फ्रॉक नाहीये का? आणि वेण्या सोड. केस जरा विस्कटलेले बरे दिसतील."

रोशनीनं ऐकलं. मॅडमकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"आये, मी न्हाय काढणार," ती म्हणाली. मग हळूच, "काढू का?"

त्या 'काढू का'नं माझ्या काळजाला डाग बसला. पाच वेळा मी जुनी साडी नेसले, ते तिनं बघितलं होतं. मी वाकायचं शिकवलं, म्हणून ती विचारत होती.

मी म्हणाले, "न्हाई."

"काय नाही?"

"पिनो न्हाई काढायचा. येनी न्हाई सोडायची. आन् मी बी आता तुमच्या कागदावरचं बोलणार न्हाई."

सर पुढं आले. "असं काय करतेस? हे सगळं प्रभूच्या कामासाठी आहे."

"प्रभूनं कुणाचे कपडे फाडून फोटो काढला, ते मला दावा. तुमच्या पुस्तकात तर क्रुसावर चढवताना त्याचेच कपडे लोकांनी काढून घेतले. चिठ्ठ्या टाकून वाटले."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. मॅडम म्हणाल्या, "इतकं केलं तुमच्यासाठी. शेवटी जातीवर गेलीस."

"व्हय. जातीवर गेले. कातकरी हाय मी. तुमी बोलावलं तवा बी व्हते."

ब्लँकेटं तशीच गाडीत राहिली. गाडी उतरून गेली. वाडीतल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. हिवाळा तोंडावर होता, त्यांचं चुकलं नव्हतं. माझी जाऊ हौसा तर अंगावर आली. "तुज्या तोऱ्यापायी माजी पोरं कुडकुडायची का?"

काम गेलं. मंडळीतून सरांचा निरोप आला. उपासनेला ये, पण पुढं येऊन काही बोलू नकोस. मी दोन रविवार गेले, निळी साडी नेसून. मागं बसले. तिसऱ्या रविवारी गेले नाही.

आता मी मालेला एकाच्या शेतावर मजुरीला जाते. आणि सांगते. भात कापताना, मोळी बांधताना, तळ्याच्या कडेला खेकडी धरताना. आमच्याच बोलीत. कागद नाही, माइक नाही. हौसानं एकदा विचारलं, "ब्लँकेट देतीस का?"

"न्हाई."

"मंग कशाला ऐकू?"

"नगं ऐकू. पर तुज्या पोराला ताप आला तर मी येणार. खाडा पडला तरी येणार."

ती हसली नाही. उठून गेली. बहुतेक जण उठूनच जातात. एक म्हातारा रोज शिव्या देतो, म्हणतो, बाटलीस. शेतमालकानं तंबी दिलीय, रानात देवाधर्माचं बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस. उद्या तोही हाकलेल. हाकलू दे. मला तोंड देवानं दिलंय. मॅडमनी नाही, मालकानं नाही.

ती गाडी पुन्हा येणार, हे मला ठाऊक आहे. दुसरी कुणी बाई शोधतील, दुसरी जुनी साडी. तेव्हा मी वाटेत उभी राहणार. सांगणार, कॅमेरा गाडीत ठेवा. खाली मातीत बसा. आधी आमचं ऐका, मग तुमचं सांगा. आणि बसायला जमत नसेल, तर गाडी वळवायला खाली चढाच्या तोंडाशी जागा हाय.