सुभद्राबाईंची सही

मंगळवार उजाडला की माझं डोकं सकाळपासूनच तापायचं. समुद्रपूरची पहिली एस.टी. वर्ध्याला लागली, की तासाभरात सुभद्राबाई दवाखान्यात हजर. चपला दाराशी काढायच्या, माझ्या काउंटरच्या बरोबर समोरची खुर्ची पकडायची, मांडीवर थैली ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. रांग संपली की उठून विचारायचं, "ओ बाबू, माह्या पोटातून काय काय काढलं, ते कागदावर दाखव." मी म्हणायचो, "फाईल सापडत नाही." त्या म्हणायच्या, "मंग शोध. मी बसते." आणि दुपारच्या गाडीपर्यंत खरंच बसून राहायच्या.

मला त्या आवडत नसत, सरळच सांगतो. उंच, हाडकुळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. आवाज असा की आतल्या वॉर्डातला पेशंट उठून बसावा. शिक्षण सातवीपर्यंत, पण तेवढ्या सातवीचा त्यांनी पुरेपूर वापर केला होता. समोर येईल ते वाचायच्या. एकदा गोडीत घ्यावं म्हणून मी "मावशी" म्हटलं, तर भर रांगेत म्हणाल्या, "मी तुही मावशी कवापासून झाली? ऑपरेशनच्या दिवशी तं माह्याकडं पाह्यलंबी नाई तू." लोक हसले. माझे कान तापले, कारण ते खरं होतं.

पेशंट भरती करून घेण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पाच कागद, आणि सही लागेल तिथे तिथे पेन्सिलीने आधीच मारून ठेवलेली फुली. "सोबत कोण आहे?" एवढंच विचारायचो. नवरा किंवा मुलगा पुढे यायचा, फुल्यांवर सह्या करायचा आणि चार मिनिटांत मोकळा. ऑपरेशनचं नाव लिहायची ओळ कोरीच असायची. ती नंतर डॉक्टर भरत. जिचं पोट कापायचं ती बाई बाकावर पदर सावरत बसलेली असायची. तिला विचारलं तर ती घाबरते, प्रश्न काढते, डॉक्टरांचा खोळंबा होतो, असं आम्हाला मनापासून वाटे. 'पेशंटची सही' ही जागा त्यामुळे रिकामीच राहायची. फायलींची तपासणी यायच्या आधी मी दार लावून बसायचो आणि पेन बदलून बदलून, कधी तिरप्या तर कधी उभ्या अक्षरात, त्या सह्या स्वतःच करायचो. आमच्याकडे याला फाईल पूर्ण करणं म्हणत.

सुभद्राबाई अंडाशयावरची गाठ काढायला आल्या होत्या. नवरा वारलेला, म्हणून मुलाने, प्रमोदने, कोऱ्या ओळीखाली सह्या केल्या. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि गाठीबरोबर गर्भाशयही काढून टाकलं. या वयात ठेवून करायचंय काय, असा त्यांचा हिशोब. प्रमोदला बाहेर येऊन सांगितलं. त्याने आईला सांगितलं नाही. वर्षभराने त्या दुसऱ्या दुखण्यासाठी सेवाग्रामला गेल्या, तेव्हा सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, गर्भाशय कधी काढलं? तिथून उठल्या त्या घरी न जाता थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

सगळ्यांनी त्यांना समजावलं. सिस्टरने समजावलं, प्रमोदने हात जोडले, मॅनेजरने चहा पाजला. त्यांना भरपाई नको होती, हे तर आमच्या आणखीच अंगावर आलं. शेवटी मीही एकदा शहाणपण शिकवलं. "बाई, पाळी गेलेली, नातवंडं झालेली. आता त्याचा उपयोग तरी काय होता?"

"नसन उपयोग," त्या म्हणाल्या. "पण माहं होतं ना? तुह्या घरची मोडकी खाट कोनं न इचारता उचलून नेली, तं तू गप बसशीन का?"

मी पुन्हा फाईल सापडत नसल्याचं सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बोट केलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. तिथे रुग्णांच्या हक्कांचा फलक होता. मीच खिळे ठोकून लावला होता आणि एकदाही वाचला नव्हता. "आपल्या आजाराची माहिती मिळण्याचा हक्क. उपचाराआधी संमती देण्याचा वा नाकारण्याचा हक्क. कागदपत्रांची प्रत मिळण्याचा हक्क." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हे काऊन लटकवलं मंग? शोभेले?"

फाईल सापडत नव्हती हे अर्थात खोटं होतं. ती माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. पेशंटच्या जागी 'सुभद्रा' अशी सही होती, आणि ते अक्षर माझं होतं. ती बाहेर पडली की माझी नोकरी गेली. बोरगाव मेघेतलं घर माझ्या एकट्याच्या पगारावर चाललेलं, दोन्ही मुली शाळेत. म्हणून मी त्या बाईचा राग राग करायचो. भीती वाटते म्हणण्यापेक्षा राग येतो म्हणणं सोपं जातं.

असे दोन महिने गेले. मग एका मंगळवारी त्यांनी मला काही विचारलंच नाही. बाकावर एक तरुण बाई होती, तिचा नवरा माझ्या फुल्यांवर सह्या करत होता. सुभद्राबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. "पोरी, तुह्यं काय करून राह्यले, मालूम हाय का तुले?" तिने नकारार्थी मान हलवली. सुभद्राबाई उठल्या आणि नवऱ्याच्या हाताखालचा कागद ओढून तिच्या पुढ्यात ठेवला. "तिले वाचू दे पहिले."

नवरा ओरडला, "तू कोण होय मधात बोलणारी?" मी वॉचमनला हाक मारली. त्याने त्यांचा दंड धरला. त्या ओरडल्या नाहीत. त्याच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "हात लावाच्या आधी इचार." चटका बसावा तसा वॉचमनने हात सोडला. आणि ती तरुण बाई कागदावर बोट फिरवत खरोखरच वाचायला लागली होती. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की खाली वाकून मी खण उघडला.

फाईलची प्रत काढून सुभद्राबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचली. सहीपाशी थांबल्या. "हे माही नोय."

"माझी आहे," मी म्हणालो.

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. कागदाची घडी घातली, थैलीत ठेवली आणि निघून गेल्या. पंधरा दिवसांत त्यांची तक्रार आली आणि चौकशी लागली. डॉक्टरांना सुभद्राबाईंसमोर बसून काय काढलं, का काढलं, हे सगळं तोंडाने सांगावं लागलं. मग सगळे मिळून माझ्याकडे वळले. क्लार्कची चूक, क्लार्कला काढून टाकतो, विषय संपला. सुभद्राबाई म्हणाल्या, "बाबूनं सही केली, ते बरोबर. त्याले काढा. पण चाकू काही बाबूच्या हातात नोयता." मला वाचवायला त्या बोलल्या नव्हत्या. खोटं त्यांना खपत नव्हतं, एवढंच.

नोकरी गेल्यावर तीन महिन्यांनी मी समुद्रपूरला गेलो. सुभद्राबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं, पण बस म्हणाल्या नाहीत.

"काऊन आला?"

एस.टी.त बसून जुळवलेलं मी बोलायला लागलो. "बाई, माझ्या हातून तुमचा जो अपराध झाला..."

"थांब," त्या म्हणाल्या. "हे मले ऐकायचं हाय का, इचारलं का तू? गाडीत बसला, आला, अन् बोलूनबी राह्यला."

मी म्हणालो, "विचारतो. ऐकाल का?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. उगाच नाही, खरोखर केला. मला तो चेहऱ्यावर दिसत होता.

"नाई," त्या म्हणाल्या.

बारा वर्षं काउंटरवर मी माणसांना नुसतं विचारल्यासारखं करत होतो. खरं विचारलं ते त्या अंगणात, आणि त्याचं उत्तर हे होतं. मी नमस्कार केला आणि मागे फिरलो. माझ्यामागे त्यांनी फाटकाची कडी लावून घेतली.