राखाडी राहिलेली गाडी

काचबिंदूने बायकोची दृष्टी गेली, आधी कडेकडेची आणि मग मधली. तेव्हापासून आमच्या घरातल्या फोटोंच्या अल्बमवर धूळ बसते. ते अल्बम तिचेच होते. फोटो लावायची ती, खाली नावगाव लिहायची ती. मी फक्त कॅमेऱ्यामागे.

एका दुपारी तिने जुना अल्बम काढायला लावला आणि म्हणाली, स्टेशन वॅगनचा फोटो शोधा. मी शोधला. मग म्हणाली, काय दिसतं ते सांगा. मी मेकॅनिकल इंजिनियर. ड्रॉइंग वाचायला सांगा, रात्रभर वाचेन, पण फोटो कसा सांगायचा ते मला येत नाही. म्हटलं, हिरवी गाडी आहे, आपल्या ड्राइव्हवेमध्ये उभी. चार दारं, वर कॅरियर. शेजारी तो उभा आहे, निळ्या स्वेटरमध्ये. तिने फोटोवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "हाताला काहीच लागत नाही हो." अल्बम मिटला.

तो म्हणजे आमचा मुलगा. दहाव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. श्रूजबरीच्या या घरातून वूस्टरच्या हॉस्पिटलमध्ये त्याच्या शेवटच्या वर्षभर ज्या फेऱ्या झाल्या, त्या सगळ्या त्याच गाडीतून. मी चालवायचो, ती मागे त्याच्याजवळ बसायची. त्याला आता किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. त्याची धाकटी बहीण जर्सी सिटीत राहते, मॅनहॅटनला नोकरीला जाते, आणि तिच्या केसांत पांढरं दिसू लागलंय.

अल्बमची गोष्ट मी मुलीला फोनवर सांगितली. आठवड्याभरात तिचं पार्सल आलं. आत त्याच गाडीचं, सुटे भाग जोडून करायचं प्लॅस्टिकचं किट, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं. मी म्हटलं, या वयात मला खेळणं पाठवलंस? ती म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अ टॉय. स्केल मॉडेल आहे, तुम्हीच बिल्ड करायचंय. आईच्या हातात द्या." एवढं ऐकल्यावर मी वाद घालायचं सोडलं. बायकोला ती गाडी हाताने ओळखता आली पाहिजे, या घरात मला तेवढंच एक काम उरलं असं वाटलं.

भाग जोडणं सोपं गेलं. अडलं ते पुढे. डोळा पुष्कळ गोष्टी चालवून घेतो, बोट घेत नाही. सांध्यावर डिंकाची रेघ, पॉलिशपेपरने घासल्याचे ओरखडे, सगळं लागतं. त्यासाठी प्रायमर हवा. घराच्या भिंतीला रंगाआधी एक हात देतात तसाच, पण हा स्प्रेच्या डब्यात मिळतो. कुठला घ्यावा म्हणून इंटरनेटवर पाहायला बसलो, तर व्यक्ती तितक्या प्रकृती. एकजण म्हणे पांढराच, दुसरा म्हणे राखाडीशिवाय हात लावू नका. शेवटी तीन डबे आणले. मॉडेलच्या दुकानातला एक पांढरा, एक पातळ राखाडी, आणि हार्डवेअरच्या दुकानातला खऱ्या मोटारींना मारतात तो जाड राखाडी, जो ओरखडे भरून काढतो म्हणतात.

गाडीवर थेट प्रयोग करायची माझी छाती नव्हती. पार्टीतून उरलेले प्लॅस्टिकचे चमचे होते. शितावरून भाताची परीक्षा, तशी चमच्यावरून गाडीची. मुलीने बजावल्याप्रमाणे मास्क लावून, गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून पहिल्या चमच्यावर फवारा मारला आणि वाळल्यावर बायकोच्या हातात दिला. ती डॉक्टर. उभं आयुष्य लोकांची पोटं चाचपून आत काय आहे ते ओळखण्यात गेलेलं. तिने अंगठ्याने एकदाच चाचपलं आणि म्हणाली, "हा चिकू आहे."

खरंच सालीसारखं खरखरीत झालं होतं. थंडीचे दिवस, गॅरेज गारठलेलं, डबाही गार, आणि मी लांबून मारलेला. फवारा हवेतच वाळून धुळीसारखा बसला होता. मग डबा कोमट पाण्यात ठेवायला लागलो, आतली गोळी खुळखुळेपर्यंत आणि नंतरही हलवायला लागलो, वीतभर अंतरावर आलो. फवारा चमच्याच्या अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे थांबवायचा हे कळायलाही चार चमचे गेले. एकदा फार जवळ गेलो तर ओघळ आला, तोही तिने सांगितला. तिचं जेवण होईपर्यंत मी चमचे घेऊन टेबलाशी उभा असायचो, रिपोर्टची वाट पाहणाऱ्या पेशंटसारखा. बऱ्याच दिवसांनी तिच्याकडून कुणीतरी निदान मागत होतं, आणि तिला ते आवडत होतं. मला ते दिसत होतं.

अखेर तीन नीट मारलेले चमचे तिच्यासमोर ठेवले. पांढरा तिला पिठूळ वाटला. पातळ राखाडीवरून तिने बोट फिरवलं, दांड्याखाली थांबली, आणि तिथे कारखान्याची कसलीशी बारीक खूण उठलेली आहे असं सांगितलं. मला चष्मा लावूनही ती आधी दिसली नव्हती. तिसरा जाड प्रायमरचा, वाळल्यावर मी पाणी लावून बारीक पॉलिशपेपरने घासलेला. त्यावरून तिचं बोट सरळ घसरत गेलं. म्हणाली, इथे काहीच लागत नाही. माझ्या दृष्टीने निकाल लागला. गाडीचा पत्रा असाच हवा, काही न लागणारा.

गाडीचा सांगाडा हँगरच्या तारेवर टांगून मी जाड प्रायमरचे हात दिले, घासले, पुन्हा दिले. इतकं गुळगुळीत काम मी नोकरीतही केलं नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर गाडी तिच्या हातात ठेवली.

तिने पुढून सुरुवात केली. नाक, काच, छत. कॅरियरच्या पट्ट्या लागल्या तेव्हा हसली. मग दोन्ही हात बाजूंवरून मागे गेले, आणि उजवा हात मागच्या दारावर थांबला. पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. त्याच दारावर बोट फिरवत राहिली. मी विचारलं, ओघळ आहे का.

"गाडी छान केलीत," ती म्हणाली. "पण ही आपली नाही. पोचा कुठाय?"

मुलगा आजारी पडण्याआधीच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेच्या उतारावरून, बर्फावर घसरायच्या स्लेडवर बसून सुटला होता आणि थेट उभ्या गाडीच्या मागच्या दारावर जाऊन आदळला. त्याला काही झालं नाही, बर्फात पडून हसत होता. दाराला वाटीएवढा पोचा आला. दुरुस्त करू करू म्हणताना हॉस्पिटल सुरू झालं. तो त्याच दाराने आत बसायचा. त्याला बसवून, रग पांघरून ती म्हणायची, "पाय आत घे," आणि दार ढकलायची. ढकलताना तिचा तळवा बरोबर त्या पोच्यात बसायचा. तो गेल्यावर मी दार ठोकून सरळ करून आणतो म्हटलं, तर तिने गाडीची किल्ली दिली नाही. फोटोत पोचा नाही, कारण फोटो पलीकडच्या बाजूने काढलेला आहे.

मी पोचा विसरलो नव्हतो. मला तो नको होता. मला गाडी घरी आणली त्या दिवशीची हवी होती, मुलगा पुढच्या सीटवर चढून हॉर्न वाजवत होता त्या दिवशीची. त्या दारातून पुढे काय काय आत गेलं आणि हॉस्पिटलमधून शेवटचं परतताना कोण आत बसलं नाही, ते मला गाडीवर नको होतं. आम्ही दोघं एकाच मुलाचं दुःख वेगवेगळ्या गाड्यांमध्ये घेऊन बसलो होतो हे मला त्या टेबलाशी कळलं, आणि फार वाईट वाटलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण या वेळी हसू आलं नाही.

मी विचारलं, नक्की कुठे. तिने नख टेकवलं. कडीच्या खाली, थोडं मागे. मी तिथे पेन्सिलीने खूण केली.

चमचे पुन्हा निघाले. गोल डोक्याचा खिळा मेणबत्तीवर तापवून प्लॅस्टिकवर किती दाबला म्हणजे वितळत नाही पण खोलगट होतं, ते आधी त्यांच्यावर पाहिलं. वाटीएवढा पोचा या गाडीवर तुरीच्या दाण्याएवढा येणार. मग दारावरचा जाड प्रायमर घासून काढला आणि खिळा टेकवला. खिळा जरा तिरका बसला, त्यामुळे पोचा एका बाजूला जरा जास्त खोल झाला. खराही तसाच होता, असं ती नंतर म्हणाली.

आता वरून कुठला प्रायमर द्यायचा हा प्रश्नच उरला नाही. जाडाच्या दोन हातांत पोचा बुजला असता. मी पातळ राखाडी घेतला, कोमट पाण्यात ठेवला, हलवला, आणि वीतभर अंतरावरून दोन हलके हात दिले. सांध्याची एक रेघ आणि दोन ओरखडे दिसायला लागले. दिसू दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीजवळ बसली होती. गाडी हातात दिली तशी तिने नाक, काच, छत काही पाहिलं नाही. बोट सरळ मागच्या दारावर गेलं आणि पोच्यात बसलं. मग हळूच, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पाय आत घे." आणि बोटाने दार ढकललं.

त्या किटची दारं उघडत नाहीत, ती जागीच घट्ट आहेत. तरी तिच्यामागे उभा राहून मी दार लागायची वाट पाहिली. गाडीला वरून मारायला आणलेला हिरव्या रंगाचा डबा कपाटात तसाच आहे. तिने कधी मागितला नाही आणि मीही काढला नाही.