भाईंची पंधरा फुटी पालखी

चित्र एकच, पण त्याच्या तयारीतले किस्से सांगायला बसलो की चहा दोनदा गरम करावा लागतो! आमचे भाई रत्नागिरीतले जुने पेंटर. फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम आटलं. तेव्हा त्यांनी गावच्या देवळासाठी पंधरा फुटी चित्र काढायचं ठरवलं. शिमग्यातली पालखी आणि भोवती अख्खा गाव! अट एकच : "फोटो आसंल तरच चेहरा. आठवणीतनं काढला की घरचेच म्हणतात, हा आमचा नव्हे!"

या अटीत अडकल्या सुमनकाकी. त्यांचा मुलगा नाटे बंदरातल्या एका मासेमारी बोटीवर गेला तो परत आलाच नाही. शाळेतल्या ग्रुप फोटोत होता, पण पावसाळ्यातल्या बुरशीनं नेमका त्याचाच चेहरा खाल्लेला. काकी दर रविवारी येऊन विचारायच्या, "भाई, जागा ठेवलाव ना?"

*

बाकीच्यांचे फोटो आले. पासपोर्टचे, लग्नाच्या अल्बममधले. भाईंनी कच्चं स्केच केलं. बघतो तर पालखी नाचतेय आणि गाव श्वास रोखून आमच्याकडे बघतोय! एकाच्या कपाळाला तर मुंडावळ्या.

"ऱ्हाऊ दे," भाई म्हणाले. "त्येचा तेवढाच एक फोटो हाय."

*

मग माझ्या कॅमेऱ्यानं नवे फोटो काढायचं ठरलं. पालखी शिमग्याशिवाय निघत नाही, म्हणून चौघांच्या खांद्यावर पडवीतलं बाकडं दिलं. चौघांनी आधी चपला काढल्या. मी हसतोय तोवर शेजारच्या मावशी नारळ घेऊन बाहेर!

रोल धुऊन आला, तर एकूणएक फोटो हललेला.

"अरे, गप उभे राहा म्हटलं होतं ना?" मी वैतागलो.

"खांद्यावर घेतल्यावर गप कोन ऱ्हायल?"

*

पुढे मुंबईहून दोन भावकीवाल्यांचे फोन आले. दोघांचंही म्हणणं एकच, पुढच्या खांद्याचा मान आमचा! भाईंनी महिनाभराचं स्केच खोडलं आणि पालखी आडवी काढली. एक डाव्या टोकाला, एक उजव्या. पालखी कुठल्या दिशेला चाललीय, ते ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ठरवलं!

*

कॅनव्हासवर रंग चढायची वेळ आली, तेव्हा भाईंनी स्वतःच आपली अट मोडली. काकींना समोर बसवलं. "सांग, कसा दिसायचा?"

काकी सांगत गेल्या, भाई काढत गेले. नाक काढलं. "असा नव्हे." डोळे खोडले, परत काढले. "नव्हे ओ." कागद खोडून खोडून फाटायला आला. भाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मला तिथं बसवेना, आणि उठवेना पण.

काकीच उठल्या. खिडकीजवळच्या स्टुलावर उजेडात जाऊन बसल्या. डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"माजाच काढा, भाई. माज्यावरच गेलेला तो. मिसरूड तेवढं घाला, नुकतंच फुटलेलं."